स्पॅनिश साहित्याच्या पेपरात चित्रं आणि सिनेमे कशाला? आणि असलेच तर वाचायचे कसे?

अबोली_पुणे

नमस्कार मंडळी, आजवर इथे वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी पुण्याची, सध्या दिल्लीत स्पॅनिशचं बी.ए. करतेय. पहिलं वर्ष व्याकरण, संभाषण, निबंध यातच गेलं. या सेमिस्टरला साहित्याचा पहिला पेपर आला, त्याची मी कधीपासून वाट बघत होते, पण पेपरचं नाव निघालं 'स्पॅनिशभाषक जगातलं साहित्य आणि दृश्यसंस्कृती : ओळख'. यादीत लासारियो दे तोर्मेस ही जुनी कादंबरी, मेक्सिकोतली जुन्या काळची नन-कवयित्री सोर ख्वाना हिच्या कविता आणि पत्र, लोर्काचं नाटक, मेक्सिकन लेखक रुल्फोच्या दोन कथा, आणि त्यांच्याच रांगेत वेलास्केसचं लास मेनिनास हे चित्र, गोयाची युद्धावरची छापचित्रं, ग्वामान पोमाची रेखाटनं, बुन्युएलचा सिनेमा, मेक्सिकोतली भित्तिचित्रं आणि चिलीतल्या बायकांनी शिवलेली कापडी चित्रं. हे सगळं एका सेमिस्टरमध्ये!

माझं स्पष्ट मत असं की एवढ्यात साहित्याचं नुकसान होतंय. लासारियोची चार पानं वाचून होतात न होतात तोच स्लाइडवर चित्र येतं, सगळे 'किती सुंदर' म्हणतात आणि तास संपतो. बाबा तर फोनवर विचारत होते की चित्रंच बघायची होती तर घरबसल्या बघता आली असती की.

आता असाइनमेंट आहे, एक मजकूर आणि एक दृश्य घेऊन दीड हजार शब्द, अर्थात स्पॅनिशमध्ये. ज्यांनी असं काही शिकलंय किंवा शिकवलंय त्यांनी सांगा, हे दोन्ही एकत्र वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

खिडकीबाहेर

तुमच्या मताला पूर्ण अनुमोदन. परकी भाषा शिकताना पहिल्यांदा साहित्य हातात घेतो तेव्हा एकेका ओळीवर थांबायची सवय लागायला हवी. आम्ही शिकलो तेव्हा कोमेंतारियो दे तेक्स्तो (मजकुराचं बारकाईने विश्लेषण) म्हणजे चौदा ओळींच्या कवितेवर दोन तास बसायचो. वृत्त कुठलं, यमकांची रचना काय, क्रियापद कुठे आलंय, विशेषण नामाच्या आधी का नंतर, सगळं. ती सवय नसताना चित्रपट दाखवला की मुलं कथानक सांगतात आणि त्यालाच विश्लेषण समजतात.

प्रथमेश_कोड

हे सगळं करून नोकरीला उपयोग काय होतो? प्रामाणिक प्रश्न आहे.

रेवा_सालामांका

प्रथमेश, वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर लिहीन.

अबोली, मी इथे स्पेनमध्ये, सालामांकाला पीएचडी करते आणि पहिल्या वर्षाच्या मुलांचे तासही घेते, त्यामुळे तुझ्या यादीतलं बरंच काही दर वर्षी शिकवावं लागतं. चार पानं, एक स्लाइड आणि तास खतम, ही तुझी तक्रार खरीच आहे. पण दोष चित्राचा नाही, चित्र शोभेपुरतं आणलं जातं तिथे घोळ होतो.

लासारियोपासूनच सुरू करू. १५५४ सालचं पुस्तक, लेखकाचं नाव नाही, आणि १५५९ला इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) बंदीच्या यादीत गेलेलं. गोष्ट सगळ्यांना आवडते, आंधळ्या मालकाने पोराला पुलावरच्या दगडी बैलाला कान लावायला सांगून त्याचं डोकं आपटणं (तो बैल इथे रोमन पुलाच्या तोंडाशी अजून उभा आहे), मग ती द्राक्षं. एकेक खायची असं ठरलेलं असताना आंधळा दोन-दोन खायला लागतो, पोरगा तीन-तीन, आणि शेवटी आंधळा म्हणतो की तू तीन खाल्लीस हे मला कळलं, कारण मी दोन खात असताना तू गप्प राहिलास. मुलं हसतात आणि पुढे जातात. मी मात्र तिथेच थांबवून विचारते की लासारो, म्हणजे तो पोरगा, हे सगळं सांगतोय कुणाला?

तो सांगतोय एका 'वुएस्त्रा मेर्सेद'ला, म्हणजे कुणा बड्या असामीला. त्या असामीने एका प्रकरणाचा खुलासा मागवलाय. ते प्रकरण काय हे शेवटच्या भागात कळतं, लासारोची बायको आणि तिथला आर्चप्रीस्ट (वरिष्ठ पाद्री) यांच्याबद्दल गावात कुजबुज आहे. म्हणजे आपण ज्याला भुकेची गोष्ट समजून वाचत होतो तो सगळा एका माणसाचा जबाब आहे! जबाब देणारा काय सांगतो, काय गाळतो, स्वतःचं लहानपण कुठल्या क्रमाने मांडतो हे सगळं त्या ऐकणाऱ्याकडे बघून ठरलेलं असतं.

हाच प्रश्न चित्राला विचार. कुणी, कुणासाठी, काय मिळवायला केलं? ग्वामान पोमा दे आयाला हा पेरूमधला अँडीयन, म्हणजे अँडीज डोंगरांतला मूळनिवासी माणूस. साधारण १६१५च्या सुमाराला त्याने स्पेनचा राजा तिसरा फिलिप याला उद्देशून जवळपास १२०० पानांचं हस्तलिखित लिहिलं, त्यात ३९८ पानभर रेखाटनं आहेत. इंका राज्य कसं होतं, स्पॅनिश कारभाराखाली लोकांचे काय हाल चाललेत, पाद्री आणि कोरेहिदोर (स्पॅनिश जिल्हाधिकारी) कसे लुबाडतात आणि यावर उपाय काय, असं सगळं त्यात आहे. ते राजाच्या हातात पडलं याचा काही पुरावा नाही. पुढे १९०८ साली ते कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीत लोकांच्या नजरेला आलं, आता सगळं तिथल्या साइटवर फुकट बघता येतं. यातली चित्रं बाजूला काढलीस तर निम्मा युक्तिवाद गेला, कारण राजा १२०० पानं वाचणार नाही, चित्रं मात्र चाळेल, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, असं मला वाटतं.

टिवल्याबावल्या

द्राक्षांचा किस्सा वाचून आमच्या घरचा हापूसचा हंगाम आठवला. गप्प बसणारा नेहमी पुढे असतो.

मोरपंखी

+१ टिवल्या. आणि रेवा, मस्त प्रतिसाद. वाचतेय.

खिडकीबाहेर

रेवाताई, लासारियोबद्दल जे लिहिलंत ते पटलं. पण 'कुणाला उद्देशून' ही एकच किल्ली सगळीकडे फिरवली तर सगळं साहित्य अर्ज-विनंत्यांच्या फायलीत जाऊन बसेल. कविता कुणाला उद्देशून आहे हे कळलं म्हणून ती कविता का आहे हे कळत नाही.

सोर ख्वाना यादीत आहे म्हणून तिचंच उदाहरण घेतो. 'ओम्ब्रेस नेसियोस के आकुसाइस', बाईला दोष देणाऱ्या मूर्ख पुरुषांनो, अशी सुरुवात असलेली कविता. विषय सगळ्यांना लगेच आवडतो, निबंध त्यावरच लिहिले जातात. पण ओळ मोजून बघा, ओम-ब्रेस-ने-स्योस-केआ-कु-साइस. अक्षरं सात भरतात, 'के' आणि 'आ' मिळून एकच मोजायचं, आणि ओळ शेवटच्या अक्षरावर आघात घेऊन संपते म्हणून एक जास्त धरायचं, मग आठ. चार ओळींचं कडवं, पहिलीचं यमक चौथीशी, दुसरीचं तिसरीशी, याला रेदोंदिया म्हणतात. त्यामुळे प्रत्येक कडवं बंद होताना आरोप पुरुषाच्या अंगावर उलटतो, तो उलटणं यमकात आहे. अभंगाची अक्षरं मोजायची सवय असलेल्या मराठी मुलांना हे पटकन जमायला हवं, पण दोन शब्दांमधले स्वर असे एकमेकांत मिसळणं आपल्याकडे नसल्याने सगळे तिथेच अडखळतात. सेमिस्टर भित्तिचित्रांत गेलं तर हे शिकवणार कधी?

शुभांगी_टिप

मला स्पॅनिश येत नाही, पण चिलीच्या कापडी चित्रांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी स्वतः गोधड्या शिवते. त्यांना आर्पियेरा म्हणतात, तागाच्या पोत्याच्या कापडावर जुन्या कपड्यांचे तुकडे लावून केलेली. ११ सप्टेंबर १९७३ला लष्करप्रमुख पिनोचेतने सत्ता घेतली, माणसं गायब व्हायला लागली, आणि त्यांच्या बायका, आया, बहिणी एकत्र बसून शिवायला लागल्या. कॅथलिक चर्चच्या विकारिया या मदत-संस्थेचा त्यांना आधार होता, तुकडे देशाबाहेर जायचे, विकले जायचे, त्यावर घर चालायचं आणि बातमीही बाहेर जायची.

ती लांबून आपल्या गोधडीसारखीच आनंदी रंगांची दिसतात. अँडीज डोंगर, सूर्य, छोटी घरं. मग जवळ गेलं की दिसतं, बायका फोटो घेऊन उभ्या आहेत, एका दारावर पोलीस आहे, चुलीपाशी सगळ्यांसाठी एकच हंडा आहे. शिवणारीला हा परिणाम नक्की माहीत होता. टाके मोठे आहेत, काही ठिकाणी बाहुल्या कापडावर उठून येतील अशा केल्यात. हे शिवणकामातलं अज्ञान समजू नका, बाहुलीला अंग द्यायचं म्हणून ते मुद्दाम केलेलं काम आहे.

साहित्याच्या पेपरात हे हवंच असं माझं मत. त्या बायकांनी लिहिलं असतं तर कागद पोलिसांच्या हाती सापडला असता.

रेवा_सालामांका

शुभांगीताई, टाक्यांबद्दल जे लिहिलंत ते मी पुढच्या वर्षी मुलांना सांगणार आहे. 'भाबडी कला' म्हणून सोडून देतात नेहमी.

जुनी_विद्यार्थिनी

अबोली, मीही हेच शिकले, आता वीसेक वर्षं होत आली. यादीत कास्ता-चित्रं नाहीत का? असतील तर सावध. अठराव्या शतकातल्या मेक्सिकोत काढलेली ही चित्रं, साधारण सोळाचा संच, प्रत्येकात आई, वडील आणि मूल, आणि खाली लिहिलेलं की स्पॅनिश पुरुष आणि इंडियन (म्हणजे तिथली मूळनिवासी) बाई यांचं मूल मेस्तिसो, मग पुढे मिश्रण वाढत जातं तशी नावं वाढत जातात. मिगेल काब्रेराचा १७६३चा संच सगळ्यात प्रसिद्ध.

भारतातल्या वर्गात हे दाखवलं की सगळे एकदम जागे होतात आणि लगेच आपल्या जातव्यवस्थेशी जोडून मोकळे होतात. तसं करू नकोस. तिथली मांडणी आईवडिलांच्या वंशाच्या मिश्रणावर आहे, आणि प्रत्यक्षात लोक एका नावातून दुसऱ्यात सरकत होते, चित्रात मात्र सगळं कप्प्यात बसवलेलं दिसतं. यातले बरेच संच स्पेनला पाठवले जायचे. म्हणजे पुन्हा रेवाचाच प्रश्न, बघणारा कोण? समुद्रापलीकडच्या माणसाला 'इथे गोंधळ नाही, सगळं नीट लावलेलं आहे' असं दाखवायचंय. त्या चित्रांत फळं, कापडं, भांडी किती प्रेमाने रंगवलीत ते बघ, मालाची यादी असावी इतकं. याच काब्रेराने सोर ख्वानाचं ते पुस्तकांच्या कपाटापुढे बसलेलं चित्र काढलंय, तेही १७५०च्या सुमाराला, म्हणजे ती जाऊन अर्धशतक उलटून गेल्यावर.

टिवल्याबावल्या

सोर ख्वाना म्हणजे तीच ना, जिने चीज खाणं सोडलं होतं? कुठेतरी वाचलंय.

जुनी_विद्यार्थिनी

हो! तिच्याच पत्रात आहे. लहानपणी तिने ऐकलं होतं की चीज खाल्ल्याने बुद्धी मंद होते, म्हणून आवडत असूनही सोडलं. ठरवलेल्या मुदतीत ठरवलेलं शिकून झालं नाही तर स्वतःचे केस कापायची, ज्या डोक्यात काही नाही त्यावर केसांची शोभा कशाला म्हणून. आणि मठाच्या स्वयंपाकघरात अंडं तुपात कसं घट्ट होतं आणि पाकात कसं फुटतं हे बघून लिहिलंय की अॅरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर अजून खूप लिहिलं असतं. हे पत्र १६९१चं. पुएब्लाच्या बिशपने 'सोर फिलोतेआ' असं बाईचं नाव घेऊन तिला लौकिक अभ्यास आवरता घ्यायचा उपदेश केला होता, त्याला हे उत्तर. समोर बिशप आहे हे तिला माहीत आहे आणि तरी ती त्याला भगिनी म्हणून लिहिते. प्रत्येक नम्र वाक्याखाली धार आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोपले नव्हते.

टिवल्याबावल्या

उद्यापासून पोरांच्या डब्यातून चीज बंद.

मुळ्ये_रंगमंच

लोर्काचं कुठलं नाटक आहे? 'ला कासा दे बेर्नार्दा आल्बा' असेल तर असाइनमेंटसाठी याहून चांगलं काही नाही. नाटकाच्या सुरुवातीलाच लोर्काने टीप दिलीय की या तीन अंकांचा हेतू छायाचित्रांच्या दस्तऐवजासारखा आहे. आता रंगसूचना बघ. पहिल्या अंकात अत्यंत पांढरी खोली, दुसऱ्यात नुसती पांढरी, तिसऱ्यात किंचित निळसर झाक असलेल्या पांढऱ्या भिंती. आणि त्यापुढे सगळ्या बायका काळ्या कपड्यात, सुतकात. म्हणजे नाटककाराने फोटोच्या काळ्या-पांढऱ्यात विचार केलाय. बेर्नार्दाची धाकटी मुलगी आदेला हिरवा झगा घालून येते तेव्हा तो रंग प्रेक्षकाच्या डोळ्याला का बोचतो ते कळेल. बेर्नार्दाचा पहिला शब्द 'सिलेन्सियो' आणि शेवटचाही तोच.

जून १९३६ला त्याने हे लिहून पुरं केलं, ऑगस्टमध्ये त्याला मारलं, आणि रंगमंचावर यायला १९४५ उजाडलं, तेही स्पेनमध्ये नाही, ब्वेनोस आयरेसमध्ये. आपल्याकडे गोविंद निहलानींनी १९९१मध्ये यावरून 'रुक्मावती की हवेली' केला, राजस्थानात नेऊन. तो जरूर बघा. अंदालुसियाचा (दक्षिण स्पेनचा) पांढरा चुना गेला की नाटकाचं काय होतं आणि काय टिकतं, यावर मित्रांशी तासन्तास वाद घातलेत मी.

खिडकीबाहेर

मुळ्येसाहेब, हे आवडलं. रंगसूचना मजकुरातच आहेत, त्यामुळे माझी काहीच हरकत नाही :)

प्रदक्षिणा

माद्रिदला जायचा योग आला तर प्रादो संग्रहालय चुकवू नका, लास मेनिनास तिथेच आहे. सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ प्रवेश फुकट असतो, रांग मोठी असते पण पटापट सरकते. आत फोटो काढू देत नाहीत, ते एका अर्थी बरंच. लास मेनिनास तीन मीटरहून उंच आहे हे पुस्तकातल्या चित्रावरून कळतच नाही. समोर उभं राहिलं की वेलास्केस आपल्याकडे बघत असतो, ब्रश हातात, आणि मागच्या आरशात राजाराणी. म्हणजे आपण उभे आहोत तिथे राजा उभा होता असं वाटायला लागतं. १६५६चं चित्र. तिकिटासाठी आधी साइट बघा, दर बदलतात.

रेवा_सालामांका

लास मेनिनास आणि 'दोन किहोते' (सर्वांतेसची कादंबरी, आपण डॉन क्विक्झोट म्हणतो ती) हिचा दुसरा भाग (१६१५) ही जोडी वर्गात नेहमी घेतो. त्या भागात पात्रांनी पहिला भाग (१६०५) वाचलेला असतो आणि ती खुद्द दोन किहोतेलाच त्याबद्दल सांगतात. इकडे चित्रकार चित्रात. पण अबोली, या जोडीवर इतकं लिहून झालंय की पहिल्या असाइनमेंटला नको, तेच तेच उतरवलं जातं.

नर्मदे_हर

विषय निघालाच आहे म्हणून, दोन किहोतेचे काही अध्याय संस्कृतमध्ये आहेत हे किती जणांना माहितीय? नित्यानंद शास्त्री आणि जगद्धर झाडू या दोन काश्मिरी पंडितांनी १९३०च्या दशकात इंग्रजीवरून केलेला अनुवाद, पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनच्या मध्यस्थीने एका अमेरिकन संग्राहकासाठी. तो २०१९मध्ये आपल्या पुणे विद्यापीठाच्या पाली विभागाच्या मालिकेत छापून आला.

मोरपंखी

काय सांगता! हे अजिबात माहीत नव्हतं. धागा वाचनखुणेत.

उरण_लोकल

अजून एक आपल्याकडचं. मेक्सिकन कवी ओक्तावियो पास १९६२ ते ६८ भारतात मेक्सिकोचा राजदूत होता. २ ऑक्टोबर १९६८ला मेक्सिको सिटीत त्लातेलोल्कोच्या चौकात सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या घातल्या, त्या निषेधात त्याने पद सोडलं. त्याची एक कविता घारापुरीवर आहे, रविवारी एलिफंटाला जाणं, तिथल्या शिल्पांची मोडतोड आणि आजूबाजूचा कचरा बघून झालेला संताप, आणि मग शिवपार्वतीपुढे उभं राहणं. आम्ही लहानपणापासून त्याच लाँचने जातो. शिल्प आणि कविता अशी जोडी हवी असेल तर ही घे, मुंबईला आलीस की एका दिवसात बघून होईल.

खिडकीबाहेर

परत मूळ मुद्द्याकडे. मध्ये दोन दिवस विचार करत होतो. सोर ख्वानाचं 'एस्ते के बेस, एन्गान्यो कोलोरिदो' हे सुनीत काढून वाचलं, स्वतःच्याच चित्रावर लिहिलेलं. हे जे बघतोस ते रंगीत कपट आहे, अशी सुरुवात, आणि शेवटची ओळ 'एस कादावेर, एस पोल्बो, एस सोम्ब्रा, एस नादा', प्रेत आहे, धूळ आहे, सावली आहे, काहीच नाही. तिच्याआधीचा स्पॅनिश कवी गोंगोरा, त्याच्या सुनीताची (१५८२) शेवटची ओळ 'एन तिएर्रा, एन उमो, एन पोल्बो, एन सोम्ब्रा, एन नादा'. गोंगोरा एका सुंदर तरुणीला सांगतोय की तारुण्य आहे तोवर उपभोग घे, नाहीतर हे सगळं माती-धूर-धूळ होईल. ती त्याचीच ओळ उचलते आणि उपभोग वगैरे गाळून टाकते, सांगते की चित्र आत्ताच खोटं आहे. पुरुष कवीने बाईच्या चेहऱ्यावर लिहिलेली ओळ एका बाईने स्वतःच्या चेहऱ्यावर लिहिली, आणि अर्थ पार फिरवला.

चित्र आणि कविता इथे वेगळी करता येत नाहीत, हे मी मान्य करतो. पण गोंगोरा कानात नसेल तर हे ऐकू येणार नाही, तेव्हा माझं म्हणणं कायम, ओळ आधी मोजायला शिकवा.

जुनी_विद्यार्थिनी

काय सुंदर लिहिलंत! आता काब्रेराचं ते चित्र समोर ठेवून हे सुनीत वाचा. कपाटातली पुस्तकं, हातात जपमाळ, आणि ती बघतेय थेट आपल्याकडे. तिने ज्याला खोटं म्हटलं तेच चित्र तिच्यामागे लोक काढत राहिले, नोटेवर छापलं, मेक्सिकोच्या १०० पेसोच्या नोटेवर ती आहे.

रेवा_सालामांका

खिडकीबाहेर, ओळ आधी की चित्र आधी यावर आपलं जमणार नाही, पण तुमच्या वर्गात बसायला मला आवडलं असतं.

उलट बाजूचं एक उदाहरण देते, मजकुराशिवाय चित्र कसं फसवतं याचं. गोयाचं एक चित्र आहे, एक म्हातारा पोराला गुडघ्यांत धरून त्याच्या तोंडात बोटं घालतोय. त्याला 'एल गारोतियो' म्हणजे घटसर्प असंही नाव चिकटलंय, उपचार चाललाय असं समजून. खरं तर तो लासारियोमधला सॉसेज चोरल्याचा प्रसंग. पुस्तकात आंधळा पोराच्या तोंडात नाक खुपसून वास घेतो, गोया बोटं घालतो. नाकाऐवजी बोटं का? यावर दीड हजार शब्द आरामात होतात. गोयाच्या युद्धाच्या छापचित्रांचंही तसंच, प्रत्येकाखाली त्याने ओळ लिहिलीय, एकीवर 'हे बघवत नाही' आणि एकीवर नुसतं 'मी हे पाहिलं'. ती ओळ झाकून बघ आणि मग उघडून बघ. हा संच त्याच्या हयातीत प्रसिद्धच झाला नाही, तो १८२८ला गेला आणि संच छापला गेला १८६३ला. मग ती ओळ त्याने कुणासाठी लिहिली होती?

प्रथमेश_कोड

माझा प्रश्न मागे घेतो. लासारियोचं इंग्रजी भाषांतर मागवलंय.

अबोली_पुणे

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी ग्वामान पोमाचं एक रेखाटन घेतलं आणि सोबत त्याच्या हस्तलिखितातलाच मजकूर. कोपनहेगनच्या साइटवर शोधत बसले होते, आणि ते चित्र दिसल्यावर पुढे गेलेच नाही. इंका, म्हणजे तिथला सम्राट, वायना कापाक आणि कांदिया नावाचा स्पॅनिश म्हणून दाखवलेला माणूस समोरासमोर. इंका केचुआत (इंकांच्या भाषेत) विचारतो, हे सोनं तुम्ही खाता का? आणि स्पॅनिश माणूस स्पॅनिशमध्ये उत्तर देतो, हो, हे सोनं आम्ही खातो. दोघांची वाक्यं चित्रातच लिहिलेली आहेत, दोन भाषांत. ही भेट इतिहासात झालेलीच नाही. कांदिया खरा होता, मुळात ग्रीक, पेरू जिंकणाऱ्या स्पॅनिश पिसारोबरोबर आलेला, पण कुस्कोत वायना कापाकसमोर तो कधी बसला नाही. म्हणजे न झालेली भेट राजाला दाखवलीय, कारण झालेल्या गोष्टींतून हे इतकं थेट सांगता आलं नसतं.

रेवाताईंचा प्रश्न लावला तर राजाला केचुआ येत नाही. मग प्रश्न केचुआत आणि उत्तर स्पॅनिशमध्ये का? राजाला फक्त उत्तर वाचता येईल, स्वतःच्या माणसाचं. मला वाटतं हाच माझा मुद्दा. आणि खिडकीबाहेर काका, तुमच्यामुळे त्या दोन वाक्यांवरच अख्खा एक दिवस बसले, प्रश्नात शंका आहे आणि उत्तरात ठाम वर्तमानकाळ आहे, ते लिहिलंय.

माझं आधीचं मत थोडं बदललंय. पेपर दोन सेमिस्टरचा करायला हवा, वगळायला मात्र काहीच नको. बाबांना चित्र पाठवलं, त्यांनी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं.

खिडकीबाहेर

शाब्बास. ठाम वर्तमानकाळ हे अगदी बरोबर पकडलंस.

रेवा_सालामांका

फार छान. राजाला फक्त उत्तर वाचता येतं हे मी वर्गात कधी या शब्दांत मांडलं नव्हतं. दोन गोष्टी बघ. एक, कोण कुठल्या बाजूला बसलंय. रोलेना आदोर्नो या अभ्यासक बाईंनी दाखवलंय की ग्वामान पोमा पानावरच्या जागा अँडीयन पद्धतीने वापरतो, चित्राची स्वतःची उजवी बाजू, म्हणजे आपली डावी, मानाची. इंका तिथे आहे. राजाला हे कळणार नाही, कुस्कोतल्या माणसाला कळेल, तेव्हा चित्राला दोन वाचक आहेत का हे तपास.

दुसरं, संदर्भ देताना पानाचे दोन्ही आकडे दे. त्याने स्वतः घातलेल्या पानांच्या क्रमांकात चुका आहेत, म्हणून अभ्यासक त्याचा आकडा आणि दुरुस्त आकडा असे दोन्ही लिहितात. तुझ्या चित्राचा ३६९ आणि चौकटी कंसात ३७१. परीक्षक हे आधी बघतात.

अबोली_पुणे

लिहिते दोन्ही. बाजूंचा मुद्दा आजच रात्री घालते, शुक्रवारी द्यायचंय.

शुभांगी_टिप

झालं की इथे मराठीत टाक गं, आम्हाला वाचायचंय.